अकरा मिनिटांचं रीळ आणि रात्रभराचं गाणं

चारशे फूट. सोळा मिलिमीटरच्या फिल्मचं एक रीळ एवढं लांब असतं. एका फुटात चाळीस चौकटी बसतात, सेकंदाला चोवीस चौकटी पळतात. गणित मांडलं की उत्तर येतं अकरा मिनिटं. थोरली, म्हणजे पस्तीस मिलिमीटरची फिल्म घेतली तर तिच्या फुटात चौकटी सोळाच, पण रीळ हजार फुटांचं. उत्तर पुन्हा अकराच्या आसपास. डिजिटल येईपर्यंत सिनेमाच्या कॅमेऱ्याचा दम साधारण एवढाच होता.

आता पोवाड्याचा दम बघा. डफावर थाप पडते, तुणतुणं लागतं, झीलकरी मागे सूर धरून उभे राहतात. गण होतो, मुजरा होतो, मग कुठे कथेला हात घातला जातो. अकराव्या मिनिटाला अफझलखान अजून वाईलाच असतो. शाहीर विठ्ठल उमप जांभूळ आख्यान सांगायला उभे राहिले की एकटा माणूस द्रौपदीही व्हायचा आणि तिच्या मनातलं ओळखणारा कृष्णही, आणि तास उलटून गेला तरी प्रेक्षक हलायचे नाहीत. अशा माणसावर फिल्म काढायची, तीही अकरा-अकरा मिनिटांच्या तुकड्यांत, हा उद्योग मुळात कुणाला सुचला असेल?

पण सुचला, आणि तो तडीला कसा गेला हे बघण्यासारखं आहे. रीळ संपलं की कॅमेऱ्याचा मदतनीस एक काळी पिशवी काढायचा. पिशवीला दोन बाह्या. फिल्मचा डबा आत ठेवायचा, चेन लावायची, बाह्यांतून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचे आणि डोळे कुठेही लावून नुसत्या बोटांनी जुनी फिल्म काढून नवी चढवायची. उजेडाचा कवडसा आत गेला तर सगळं गेलं. तिकडे शाहीर काही थांबत नाही. त्याला कॅमेऱ्याशी देणंघेणं नाही, त्याला समोरची माणसं दिसतायत. मात्र आवाज टिपणारं यंत्र वेगळं असायचं आणि त्याची टेप लांब असायची. म्हणून आवाज अखंड मिळायचा आणि चित्रात भगदाड पडायचं. जुन्या माहितीपटांत गाणं ऐन रंगात आलेलं असताना मध्येच तुणतुण्याची तार दिसते, पागोटेवाला आजोबा दिसतो, आईच्या मांडीवर पेंगलेलं पोर दिसतं. दिग्दर्शकाला ते पोर आवडलं असेलही. पण पुष्कळदा त्या क्षणी कुणाचे तरी हात काळ्या पिशवीत अडकलेले असतात.

हे कळल्यापासून गवयांवरचे, शाहिरांवरचे माहितीपट मी वेगळ्याच नजरेने बघतो. कलावंताचं आयुष्य पडद्यावर किती आणि कसं उतरणार हे दिग्दर्शक ठरवतो असं आपण धरून चालतो. त्याच्याआधी यंत्राने बरंच ठरवून टाकलेलं असतं, आणि उरलेलं ठरतं ते कोण किती वर्षं जवळ बसून राहिलं यावर.

ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनच ही ओढाताण आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर घ्यायला बसला, तेव्हा तबकडीत मावत होती जेमतेम तीन मिनिटं. ज्या बाईची मैफल रात्र खायची, तिने आलाप, बंदिश, ताना सगळं तीन मिनिटांत बसवलं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नावही सांगितलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. हा आवाज कोणाचा हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून.

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या गाण्याचं, ज्याला ते कंट्री म्हणतात त्याचंही तेच. जिमी रॉजर्स हा त्या परंपरेचा आद्यपुरुष मानला जातो. मिसिसिपीतला माणूस, रेल्वेत ब्रेकमनचं काम करणारा, नंतर क्षयाने गाठलेला. १९२९ मध्ये त्याच्यावर नऊ-दहा मिनिटांची एक बोलती फिल्म निघाली, म्हणजे बरोब्बर एका रिळाची. स्टेशनवरच्या उपाहारगृहाचा देखावा, दोन बायका ऐकायला, आणि रॉजर्स गिटार घेऊन तीन गाणी म्हणतो. त्याचं हलतंबोलतं रूप जगाला माहीत आहे ते मुख्यतः या दहा मिनिटांतून. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तो शेवटची ध्वनिमुद्रणं करायला गेला, तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये पडायला तिथे खाट टाकली होती. शेवटचं गाणं झाल्यावर दोन दिवसांनी तो गेला. वय पस्तीस.

आणि पुढची गोष्ट तर थक्क करणारी आहे. त्याच्या तबकड्या मिशनऱ्यांच्या फोनोग्राफबरोबर पूर्व आफ्रिकेत पोचल्या होत्या. १९५० मध्ये ह्यू ट्रेसी हा संग्राहक केनियातल्या किपसिगिस लोकांची गाणी टिपत होता. तिथल्या मुलींनी त्याला एक गाणं ऐकवलं, ‘चेमिरोचा’ नावाच्या अर्ध्या माणसाचं आणि अर्ध्या हरणाचं. चेमिरोचा म्हणजे जिमी रॉजर्स. ज्याचा चेहरा कुणी पाहिला नाही, नुसता आवाज ऐकला, त्याचं शरीर त्या मुलींनी स्वतःच घडवून टाकलं होतं. केन बर्न्सने २०१९ मध्ये कंट्री संगीतावर आठ भागांची, सोळा तासांची मालिका केली. तीत माहिती डोंगराएवढी आहे. पण या हरणाच्या पायांची सर मला तरी त्या सोळा तासांत कुठे दिसली नाही.

आपल्याकडे माहितीपटाची मुळं शोधायला फार लांब जावं लागत नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, आणि डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागत. खऱ्या माणसांचं, खऱ्या प्रसंगाचं या देशातलं चित्रण तिथून सुरू होतं. फक्त ते मुकं होतं. स्वागताला जयघोष झाला असणार, बँडही असेल. ते सगळं गेलं.

फाळक्यांची गोष्ट मात्र मला जास्त जवळची वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी एक वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोवून रोज थोडं थोडं चित्रण घेतलं. पडद्यावर दाखवलं तेव्हा अंकुर फुटून वेल वर चढला तो बघता बघता. पैसेवाल्यांना पटवायला केलेला तो नमुना होता. पण कुणाच्या आयुष्यावरची फिल्म करणाऱ्यांनी तो खरा पाठ म्हणून गिरवावा: जागा सोडायची नाही, आणि दिवस आपले आपण जाऊ द्यायचे.

आवाज आला आणि नवीच पंचाईत झाली. चित्र एका यंत्रात, आवाज दुसऱ्यात. दोघांचा वेग केसभर इकडचा तिकडे झाला तरी ओठ आणि शब्द यांची फारकत होते. त्यावर तोडगा म्हणून कॅमेऱ्याच्या मोटरीची स्पंदनं टेपवर नोंदवायला सुरुवात झाली, पुढे दोन्ही यंत्रांत क्वार्ट्झचे स्फटिक बसले, घड्याळात असतात तसे. आणि सुरुवातीला फळीची टाळी वाजवायची. फळी मिटल्याची चौकट आणि ‘टक्’ आवाज संकलकाने टेबलावर एकमेकांवर बसवायचे, की पुढचं सगळं जुळलं. पण हजार माणसांच्या मैदानात, शाहीर भरात असताना त्याच्या नाकासमोर फळी कोण वाजवणार? अशा वेळी संकलकाला ढोलकीवाला तारतो. त्याचा पंजा पुडीवर पडलेली चौकट सापडली आणि टेपवरची थाप तिच्यावर बसवली, की काम झालं.

इथे एक गंमत आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका चौकटीच्या वेळात, सेकंदाच्या चोविसाव्या भागात, जेमतेम चौदा मीटर. मायक्रोफोन ढोलकीपासून चौदा मीटरवर असेल तर थाप एक चौकट उशिरा पोचते. मैदानात शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला ती सात चौकटी उशिरा ऐकू येते. त्याच्यापुरता हात आधी पडतो आणि ढोलकी मागाहून वाजते. समोर भोंगे लावले तरी लांबच्या भोंग्याचा आवाज लांबूनच येणार. शिवाजी पार्कावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना मागे उभं राहून शाहीर अमर शेखांना ऐकणाऱ्यांनी हा उशीर नक्की अनुभवला असेल. माहितीपटात मात्र आपण सगळे पहिल्या रांगेत. ओठ आणि शब्द एकदम.

अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे ही लालबावटा कलापथकातली जोडी. दोघंही १९६९ मध्ये गेले, अण्णाभाऊ १८ जुलैला आणि अमर शेख २९ ऑगस्टला, दीड महिन्याच्या आत. त्यांच्याबद्दल आज वाचायला भरपूर मिळतं. त्यांना गाताना बघायला मात्र फारसं मिळत नाही. मुंबईत पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून होतं, रिळं होती, कॅमेरे होते. पण धरणाचं उद्घाटन चित्रित करायला जेवढी तत्परता होती, तेवढी सरकारला शिव्या घालणाऱ्या शाहिराच्या वाट्याला येणार नव्हती, हेही उघड आहे.

म्हणून विलास घोगरे यांची गोष्ट वेगळी ठरते.

आनंद पटवर्धन १९८० च्या दशकात मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडल्या जात होत्या त्यावर फिल्म करत होते. ‘हमारा शहर’, १९८५. तीत एक तरुण शाहीर गाताना दिसतो. तो विलास घोगरे. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा, आव्हान नाट्य मंचातून गाणारा. फिल्म त्याच्यावर नव्हती. ती घरं पाडण्यावर होती. तो त्या शहराचा एक आवाज म्हणून आला आणि गेला. दोघांची ओळख मात्र टिकली.

बारा वर्षांनी, ११ जुलै १९९७ च्या सकाळी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

पटवर्धन कॅमेरा घेऊन निघाले ते आपला मित्र असा का गेला हे समजून घ्यायला. त्या शोधाला चौदा वर्षं लागली. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पुरी झाली, तीन तासांहून लांब.

भाद्रपद संपला की आमच्या पेणकडच्या हमरापुरात, शेजारच्या जोह्यात गणपतीच्या कारखान्यांना जराशी उसंत मिळते. रंगाचे डबे कोपऱ्यात लागतात, वर्षभर चालणारा ब्लूटूथचा स्पीकर तेवढा चालू असतो. अशाच एका संध्याकाळी आम्ही चार-पाच जणांनी ही फिल्म लॅपटॉपवर लावली. मला वाटलं होतं अर्ध्यावर सगळे उठतील. भांडणं झाली, मध्ये दोनदा थांबवून वाद घातला गेला, एक जण जेवून परत आला, पण उठलं कुणी नाही. शेवटी आखणीचं काम करणारा एक पोरगा म्हणाला, “यानं गाणं कापलं नाही कुठं.” डोळ्यांची आखणी करणाऱ्याची नजर, बरोबर जागी गेली.

फिल्मची खरी करामत तीच आहे. नेहमीच्या माहितीपटात गाणं हे पुराव्यादाखल येतं: दोन ओळी ऐकवायच्या, आवाज खाली न्यायचा आणि वरून कोणा जाणकाराने ते गाणं किती थोर ते सांगायचं. इथे गाणं चालू राहतं, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसतात. यामागे दिग्दर्शकाचा स्वभाव आहेच, पण यंत्रही आहे. नव्वदच्या दशकापर्यंत हातात मावणारे व्हिडिओ कॅमेरे आले होते. १९९५ मध्ये आलेल्या डिजिटल कॅसेटमध्ये तासभर चित्रण मावायचं. अकरा मिनिटांचा फास सुटला. फिल्मच्या रिळावर प्रत्येक मिनिटाला पैसे जळतात, म्हणून कॅमेरा चालू करायच्या आधी दहादा विचार करावा लागायचा. कॅसेटवर आधी चालू करून ठेवता येतं आणि काय घडतंय ते मागाहून बघता येतं. चौदा वर्षं एखाद्या प्रश्नाच्या मागे लागायचं तर हीच चैन लागते.

आणि इतकी वर्षं मागे लागल्यावर फिल्म एका माणसाची राहत नाही. घोगऱ्यांपासून निघालेला धागा शाहीर संभाजी भगतांकडे जातो, भीमजयंतीच्या मांडवांतून हिंडतो, आणि पुण्यात २००२ मध्ये उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचापाशी येतो. तिथे शीतल साठे गाते. तिच्या आवाजात अशी काही धार आहे की पहिल्या ओळीलाच आपण सरसावून बसतो. गेलेल्या शाहिराबद्दलची फिल्म बघता बघता जिवंत शाहिरांची होते. ती प्रदर्शित होईपर्यंत कबीर कला मंचावर नक्षलवादाचा आरोप ठेवून काहींना अटक झाली होती, काही भूमिगत होते. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि मंचातलेच सचिन माळी मुंबईत विधानभवनापाशी प्रकटले आणि पोलिसांच्या ताब्यात गेले. म्हणजे ज्यांना आपण पडद्यावर गाताना पाहिलं, ती माणसं त्या काळात कुठेही उघडपणे गाऊ शकत नव्हती. गात होती ती फक्त फिल्ममध्ये. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत फिल्मचा खेळ झाला, पुढे वस्त्यावस्त्यांतून पडदे लागले. ज्यांच्यावर फिल्म, त्यांच्याच अंगणात.

जाता जाता: चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट याच जगातला. तो काल्पनिक आहे, पण त्यातल्या नारायण कांबळे या शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले होते आणि गाणी होती संभाजी भगतांची. कुठे नाटक संपतं आणि कुठे माहितीपट सुरू होतो हे सांगायला तिथे पट्टी घेऊन बसावं लागेल.

‘जय भीम कॉम्रेड’च्या अगदी उलट टोकाला, डॉ. जब्बार पटेलांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘हंस अकेला’ आहे, कुमार गंधर्वांवरचा, २००५ चा. कुमारजी गेले १९९२ मध्ये. म्हणजे दिग्दर्शकाच्या हातात आठवणी, छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं आणि जुनी चित्रणं; माणूस नाही. आणि त्या आयुष्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग असा की त्याचं चित्रण होणंच शक्य नव्हतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला हा पोरगा विशीतच देशभर गाजला. १९४७ मध्ये क्षय झाला, हवापालटासाठी देवासला नेलं आणि पाचेक वर्षं गाणं बंद. बोलायचंही हळू. त्या खाटेवर पडल्या पडल्या कानावर काय येत होतं? जात्यावरची, सणावाराची, रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या तोंडची माळव्याची लोकगीतं. बरा होऊन उठला तो ती गाणी घेऊनच. पुढे त्याने त्यांच्या चाली टिपल्या, त्यांतून नवे राग बांधले, माळव्याच्या लोकधुनांची मैफलच मांडली.

रॉजर्स आणि कुमारजी, दोघांनाही एकच रोग. एकाला स्ट्रेप्टोमायसिनच्या आधीच्या काळात झाला, दुसऱ्याला नंतरच्या. पस्तीस वर्षं आणि सदुसष्ट वर्षं यांच्यातला फरक एका औषधाचा. पण फिल्मवाल्याच्या बाजूने बघा: पाच वर्षं एक माणूस छताकडे बघत ऐकतोय, आणि संगीताच्या इतिहासातली मोठी उलथापालथ त्याच्या कानांत चालू आहे. कॅमेरा काय दाखवणार? खिडकी? इथे माहितीपटाला ऐकवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

उशिराचं दुःख सत्यजित रायनाही चुकलं नाही. बालासरस्वतींचं नृत्य त्यांनी शाळकरी वयात कलकत्त्यात पाहिलं होतं. त्यांच्यावर ‘बाला’ केली १९७६ मध्ये, तेव्हा बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. विठ्ठल उमप तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला एका वाहिनीच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले आणि गेले.

मग लोक म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, चांगला नट घेऊन सिनेमा काढा. काढलाही. केदार शिंदेंनी २०२३ मध्ये आजोबांवर, शाहीर साबळ्यांवर, ‘महाराष्ट्र शाहीर’ केला, अंकुश चौधरीला घेऊन. पसरणीच्या पोराचा ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमापर्यंतचा प्रवास त्यात आहे आणि नातवाची मायाही. मी तो रडत-हसत पाहिला. पण रबरी साच्यातून काढलेली मूर्ती आणि हाताने घडवलेली मूर्ती यांतला फरक हमरापुरात लहान पोरालाही कळतो. साच्यातली सुबक येते, कुठे कमी-जास्त होत नाही. हातच्या मूर्तीचा एक खांदा किंचित पडलेला असतो, आणि तो तसाच का ठेवला यावर वाद घालता येतो. घोगऱ्यांच्या फिल्ममधले कितीतरी खांदे असे पडलेले आहेत. त्या माणसाने तसं का केलं याचं धड उत्तर चौदा वर्षांनीही मिळत नाही, आणि फिल्म ते मिळालं असं भासवत नाही.

हे सगळं मी ज्या गावात बसून लिहितोय तिथे अजून एक गाणं आहे, ज्याच्यावर कुणी जब्बार पटेल किंवा पटवर्धन अजून आलेले मला दिसले नाहीत. पेण, उरण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यात आगरी लग्न धवलारिणीशिवाय लागत नाही. दोघी-तिघी बायका, हातात वाद्य नाही, पुढ्यात वही नाही. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं त्यांना तोंडपाठ. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, रात्रभर. धवळे हा प्रकार मराठीत किती जुना? तेराव्या शतकात महानुभावांच्या महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या वेळी धवळेच रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. सातशे वर्षांहून जुना प्रकार शेजारच्या मांडवात चालू असतो आणि आपण जेवणाच्या पंगतीकडे बघत असतो. आता हळदीला डीजे आणि बेंजो असतो. धवलारीण त्याच्या दोन गाण्यांच्या फटीत आपलं काम उरकते.

तिचं चित्रण झालंच नाही असं मात्र नाही. उलट, भारतातल्या कुठल्याही लोककलावंताचं झालं नसेल इतकं तिचं चित्रण झालेलं आहे. १९८० च्या दशकाअखेरीपासून लग्नात शूटिंगवाला येऊ लागला. मांडवातल्या प्रत्येक विधीला तो होता, आणि प्रत्येक विधीला धवलारीणही होती. पण शूटिंगवाला घरी जाऊन ‘मिक्सिंग’ करायचा. हळदीच्या प्रसंगावर सिनेमातलं गाणं, पाठवणीवर सिनेमातलं गाणं. घरोघरच्या कपाटांत अशा कॅसेटी आहेत, ज्यांत धवलारिणीचे ओठ हलतात आणि आवाज येतो लता मंगेशकरांचा.

इथे व्हीएचएस कॅसेटची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्या पोटात एक चमत्कार आहे. अर्ध्या इंचाची टेप आपल्याकडच्या यंत्रांत सेकंदाला सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास सरकते, गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. साधा आवाज तिच्या काठावरच्या बारीक पट्टीवर लिहिला जातो. वेग इतका कमी म्हणून तो घोगरा येतो. चित्राला एवढा वेग पुरत नाही. म्हणून चित्र लिहिणारी डोकी एका तिरक्या पिंपावर बसवलेली असतात आणि ते पिंप सेकंदाला पंचवीस वेळा फिरतं. टेप जागच्या जागी असल्यासारखी आणि डोकं तिच्यावरून सेकंदाला जवळजवळ पाच मीटर धावतं. पुढे हाय-फाय यंत्रं आली. त्यांत त्याच पिंपावर आवाजाची वेगळी डोकी बसवली, ती आधी टेपच्या थरात खोलवर आवाज लिहितात आणि लगेच मागून येणारी चित्राची डोकी त्याच्यावर उथळ थरात चित्र लिहितात. एकाच जागी, एकावर एक, खाली आवाज आणि वर चित्र.

आता ‘ऑडिओ डब’चं बटण दाबून लग्नाच्या कॅसेटवर सिनेमाचं गाणं चढवलं, की पुसली जाते ती काठावरची पट्टी. खालचा थर चित्र पुसल्याशिवाय पुसताच येत नाही. म्हणजे चित्रण हाय-फाय कॅमेऱ्यावर झालं असेल आणि गाणं त्याच कॅसेटवर चढवलं असेल, तर धवलारिणीचा आवाज अजून तिथेच आहे, तिच्याच चित्राच्या खाली. यंत्रावर ‘हाय-फाय’ आणि ‘नॉर्मल’ अशी निवड असते. ती फिरवायची, बस्स. आणि मिक्सिंग दुसऱ्या कॅसेटवर करून दिलं असेल, तर शूटिंगवाल्याकडच्या मूळ कॅसेटीत आवाज जसाच्या तसा असणार, अर्थात त्याने ती पुढच्या लग्नाला वापरली नसेल तर.

वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आमच्या पावसात टेपला बुरशी धरते, पांढरी, कडेकडेने. तशी कॅसेट यंत्रात घातली तर टेपही जाते आणि डोकंही. खिडकीतून बघून बुरशी दिसली तर चालवायची नाही, आधी साफ करून घ्यायची. आणि शूटिंगवाल्याकडे गेल्यावर ‘लग्नाची कॅसेट’ मागायची नाही. तो मिक्सिंगवालीच देईल. ‘कच्ची’ मागायची.